अजून कळलं नाही

सकाळी सहाला
ट्रकच्या जुन्या बॅटरीला मी वायर लावते
आणि खरखरीतून एक आवाज ओढून काढते,
जाळ्यातून मासा सोडवावा तसा,
काट्यांसकट.

शहर इथून होडीने तीन दिवस.
बातमी माझ्यापर्यंत क्षणात येते,
अफवा केळ्यांच्या लाँचवर बसून सावकाश.
तरी घरोघर अफवाच आधी पोचते.
तिला बसायला चटई, खायला युका.
मला विचारतात, "कोण म्हणालं? नाव सांग."

मी देल्मिरा, पुएर्तो सेइबाची रेडिओवाली,
शाळा सहावीपर्यंत,
खडू उबाल्दो मास्तरांकडून उसना.
दवाखान्याबाहेरच्या फळ्यावर
दोन उभ्या रेघा मारल्या:
हे खरं.
हे खोटं.
अजून कळलं नाही.

पहिल्यात लिहिलं:
साबण. भिंतींच्या चटया वर गुंडाळा, वारा येऊ द्या.
तोंडाबरोबर नाकही झाका,
नाक काही पाहुणं नाही, ओसरीवर बसवायला.
ओठ निळे दिसले तर उजाडायची वाट पाहू नका,
मला उठवा.

दुसऱ्यात:
गुरांचं औषध. फरशीचं पाणी पिणं.
"आपल्या रक्ताला हा लागत नाही."

तिसरा भाग भरतच गेला.
किती दिवस चालेल, लस कधी,
एकदा झाला की पुन्हा होतो का.
लोक हसले.
एवढा रेडिओ ऐकून एवढंच कळलं होय तुला?

सगळ्यात अवघड होती वाटी.
मसातोची वाटी आमच्यात
एका ओठावरून दुसऱ्या ओठावर जाते,
नको म्हटलं की नातं उसवतं.
मी लिहिलं, ज्याची त्याची वाटी वेगळी.
रानिनमावशी चार दिवस बोलली नाही.
पाचव्या दिवशी टोपलीभर भोपळ्याच्या वाट्या घेऊन आली,
प्रत्येकीवर निराळी नक्षी,
नदीची वळणं, सापाची पाठ.
"कुणाची कुठली ते लिही आता,
नाहीतर तुझा फळा काय चुलीत घालायचा?"

एप्रिलात मी लिहिलं होतं,
बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुवा.
हेर्सोनच्या बायकोने मिठाची पिशवी धुतली,
मीठ गेलं नदीला.
मग आवाज म्हणाला,
जास्त करून श्वासातून येतो, हवेतून.
मी ती ओळ पुसली, खाली लिहिलं:
आधीचं चुकलं होतं. देल्मिरा.
माझंच नाव लिहिताना खडू दोनदा मोडला.
त्या संध्याकाळी मास्तर वही घेऊन आले
आणि पहिल्यांदाच
सगळा फळा उतरवून घेतला.

जूनमध्ये माझा भाऊ एलियासेर शहरातून आला.
होडीतूनच हात केला,
मीही काठावरूनच.
पलीकडच्या तीरावर, मासेमारीच्या झोपडीत, चौदा दिवस.
ठरलं होतं:
रात्री कंदील दोनदा वर केला तर बरा आहे,
तीनदा केला तर श्वास जड.
आई दारात बसून मोजायची,
मोजून झाल्यावर मलाही मोजायला लावायची.

नवव्या रात्री तीन.
आई म्हणाली, दोनच होते,
तिसरा काजवा असेल.

मी अवेळी बॅटरी जोडली.
आवाज झोपेतला होता, पण होता.
पालथा झोपवा, म्हणाला. बोलतं ठेवा त्याला.
जाणाऱ्याने नाकतोंड घट्ट बांधावं,
उघड्यावर बसावं.
डॉक्टरांची होडी निघते आहे.
कधी पोचेल, मी विचारलं.
नुसती खरखर.

हेर्सोन गेला वल्हवत.

उजाडलं तेव्हा लोक फळ्यासमोर,
हातभर अंतर सोडून उभे.
कुणी काही विचारलं नाही.
मी तिसऱ्या भागात एलियासेर लिहिलं,
इतर अक्षरांएवढंच, मोठं नाही.
रानिनमावशीने पायरीवर एक वाटी ठेवली,
तिच्यावरची नक्षी अर्धीच.
"रंग ओला आहे," म्हणाली,
"हात लावू नकोस इतक्यात."