मान खाली

मालखाझ म्हणतो, देशासाठी एकसष्ट सामने खेळलो,
पाहिला एकही नाही.
स्क्रममध्ये मान जुवाखाली दिली की
दिसतं ते एवढंच: चिखल, स्वतःचे बूट,
समोरच्याच्या हनुवटीवरून ठिबकणारा घाम.
लोक ओरडले की कळायचं, काहीतरी झालं.

फ्रान्समध्ये अकरा हिवाळे काढले त्यानं.
फ्रेंच शिकला ती डॉक्टरांकडून:
कुठं दुखतं, कधीपासून, पुन्हा वाका.
कान तिकडेच चुरगळले,
वाळत टाकलेल्या जर्दाळूसारखे.

आता कुतैसीत, रिओनीकाठच्या मैदानात
आम्हा पोरांना शिकवतो.
स्क्रमचं यंत्र नाही. मेव्हण्याचा ट्रॅक्टर आहे,
हँडब्रेक ओढलेला.
"ढकला! द्राक्षं तुडवताय का?"

सामन्याच्या दिवशी मात्र पंचाईत.
कोट घालून रेषेबाहेर ताठ उभा,
सगळं मैदान समोर उघडं,
आणि कुठं बघावं तेच कळत नाही त्याला.
चेंडू डावीकडे, हा उजवीकडे.
बदली कुणाला पाठवायचं
ते नोदार सांगतो त्याच्या कानात,
ऐकू येणाऱ्या.

पण स्क्रम लागला की
मालखाझ डोळे मिटतो.
"उशांगीचा डावा पाय घसरतोय."
आणि घसरत असतो.

गेल्या शनिवारी हरलो. बसमध्ये कुणी बोलेना.
तो माझ्या शेजारी येऊन बसला,
तळहात पाठीवर ठेवला, दोन खवाट्यांच्या मधोमध,
भिंतीची ओल तपासावी तसा.
"इथं आहेस तू," म्हणाला,
"इथून ढकल."
मग गाव येईस्तोवर झोपला,
मान खाली.