साडेनऊ ते साडेबारा

पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंत
दिवसाचे अठ्ठेचाळीस तुकडे टॅबवर घेऊन
मी चढले आहे प्रतीक्षानगरच्या तिसऱ्या मजल्यावर.
लिफ्ट बंद. नमुन्यातलं घर क्रमांक सात.

रेवती कोंडविलकर, वय एकसष्ट,
चटई झटकतात, म्हणतात, बसा,
माझ्या दिवसात काय आहे मोजण्यासारखं?

पाच ते साडेपाच: पाणी.
साडेपाच ते सहा: पाणीच,
पण शेजारच्या आजोबांचं, त्यांना बादली उचलत नाही.
वेगळं लिहू का?
‘लिहा. नळ एकच आहे पण.’

साडेनऊ ते साडेबारा?
‘असंच.’
असंच म्हणजे?
‘सायन हॉस्पिटलात.’
कोण ॲडमिट आहे?
‘कोणी नाही हो.’

केसपेपरच्या खिडकीपाशी उभ्या राहतात त्या.
पिशवीत दोन पेनं, त्यातलं एक दोऱ्याने बांधलेलं,
कारण माणसं घाईत घेऊन जातात.
जव्हारहून, माणगावहून आलेल्यांना सांगतात:
आधी शिक्का, मग अकरा नंबर,
रक्ताचा रिपोर्ट तळमजल्यावर, सुट्टीच्या आधी गाठा,
आणि घाबरू नका, तो डॉक्टर सगळ्यांवरच ओरडतो.

संस्थेतर्फे जाता?
नाही.
कुणी नेमलंय?
कोण नेमणार?
मोबदला, रोख किंवा वस्तुरूपात?
आठवून आठवून म्हणाल्या, एकाने शहाळं दिलं होतं
गेल्या चैत्रात. लिहायचं तर लिहा,
पण निम्मं मी त्यालाच पाजलं.

काल एका बाईने एक्स-रेला जाताना
मूल दिलं यांच्या हातात.
मूल सांभाळणं: याला कोड आहे.
पण पुढचा प्रश्न विचारतो, मूल घरातलं का?
मूल मांडीवर मुतलं. साडीचा तेवढा भाग नळावर धुतला.
कपडे धुणं, स्वतःचे: यालाही कोड आहे.
बाई दीड तास आली नाही. तेवढ्यात
पोरगं जिन्याच्या पायऱ्या मोजायला शिकलं, पाचपर्यंत.
सहावीला दर वेळी पुन्हा एक.
अर्ध्या तासात मुख्य काम एकच लिहावे,
असं सूचनेत ठळक अक्षरांत आहे.

मी पडवळ सरांना फोन लावला.
सर उशिराचं जेवत होते. म्हणाले,
कुठंतरी बसवा ना मॅडम,
रिकामी चौकट सिस्टिम घेत नाही.

‘एवढं काय त्यात,’ बाई म्हणाल्या,
‘घरात बसलं की पंख्याचा आवाज ऐकू येतो. म्हणून जाते.’
पंख्याच्या आवाजाला कोड नाही.
मी खरंच शोधला.

मग त्यांचा फोन वाजला.
‘कुठं उभा आहेस? अपघात विभाग? तिथून हलू नकोस.’
चपला घालता घालता मला म्हणाल्या,
गॅसवर दूध आहे, बारीक आहे, बघाल ना?
आलेच.

तर आता मी, जिला पैसे फॉर्ममागे मिळतात
आणि जिचे आज दोनच झालेत,
परक्या घरात एका पातेल्यापुढे उभी आहे.
साय धरतेय, कडेने थरथरतेय.
वर पंखा. आवाज करतो, खोटं नाही.

दारातून आजोबा डोकावले.
रेवती नाही का? डोळ्यांत थेंब घालायचे होते.
माझ्याकडे पाहत राहिले,
म्हणजे माझ्या अंदाजाने पाहत राहिले.
मी हात धुतले.

चार वाजून दहा. डावा डोळा झाला,
उजवा ते फार मिचकावतात.
टॅब विचारतोय, मुलाखत पूर्ण झाली?
हो. नाही.
स्क्रीन विझला.
‘वर बघा आजोबा, वर,’ मी म्हणतेय,
आणि मागे दूध वर येतंय.