यवतेश्वरचं तिसरं वळण

सपाटीला काही तक्रार नाही.
गोडोलीपासून समर्थ मंदिरापर्यंत
जीप अशी पळते, जणू एकोणनव्वद साल कालच संपलंय.
बोगद्याकडं न वळता घाटाला तोंड लावलं
की दुसऱ्या वळणावर आवाज बसतो.
तिसऱ्यावर माणूस उतरून शेजारून चालू लागतो,
आणि माणूस पुढं जातो.

पंधरवडाभर मी पैसे ओतले.
एअर फिल्टर नवा, डिझेल फिल्टर दोन्ही.
क्लच प्लेट बघितली. ब्रेक धरून राहतो का म्हणून
चाकांना हात लावून बघितलं,
पोराच्या कपाळाला लावतात तसा.
चार चाकांचा गिअर टाकला,
चारही चाकं सारख्याच नाराजीनं चढली.
पंप कराडला पाठवावा लागेल, असं एकजण म्हणाला,
आकडाही म्हणाला.
मेहुणा म्हणाला, वीक.

दस्तगीर मिस्त्रीनं बॉनेटसुद्धा उघडलं नाही.
शेजारी बसला.
"चल. रोजचं वझं घे."
पेंडीची सहा पोती होतीच, पेट्रीच्या डेअरीची.

घाटात तो पुढं बघतच नव्हता,
आरशातून मागचा धूर बघत होता.
"काळा न्हाई. काळा असता
तर हवा कमी पडती म्हणलो असतो.
पांढराबी न्हाई.
हिला खायलाच मिळंना. उपाशी चढतीया."
तिसऱ्या वळणावर ती बसली.
"आता थांबलं की काय हुतं?"
दहा मिनिटांनी परत ओढते, मी सांगितलं, फर्लांगभर.
"हां," म्हणाला, आणि एवढ्यावरच खूश झाला.
बिडी काढली,
हाताला डिझेलचा वास आला तशी परत ठेवली.

खाली सातारा ऊन खात पडलेला.
तो टाकीपाशी गेला.
"हे कुलपाचं झाकण कवा बसवलं?"
श्रावणात.
"का?"

डिझेल कमी भरत होतं. रोज लिटर, दीड लिटर.
जालिंदर तेव्हा गाडीवर होता,
रात्री गाडीतच झोपायचा.
मी त्याला एका शब्दानं बोललो नाही.
पोवई नाक्यावरनं झाकण आणलं, कुलूप लावलं,
आणि किल्ली त्याच्यासमोर
करदोट्याला अडकवली.
दुसऱ्या दिवशी तो आला नाही.

"किल्ली दे."
एक आटा फिरला आणि टाकीनं
एवढा मोठा श्वास घेतला
की कठड्यावरची माकडं मागं सरली.
मिस्त्रीनं झाकण उलटं करून उन्हात धरलं.
"भोकच न्हाई ह्याला.
आतनं थेंब भाईर जायचा
तर भाईरनं तेवढी हवा आत नको?"
झाकणाच्या जागी फडकं ठेवलं, सैलसर.
वरपर्यंत तिसरा गिअर.
यवतेश्वर कधी मागं पडलं, कळलं नाही.

पठारावर त्यानं परत थांबवलं.
खाली वाकला, बोट घासलं, नाकाशी धरलं.
"आन् हा रिटर्नचा पाइप. चीर हाय. जुनी,
वरसाची तरी.
लिटर, दीड लिटर रोजचं जात आसंल."
पाऊस येईल म्हणावं
तेवढ्या सहज त्यानं हे सांगितलं.
पैसे विचारले, तर म्हणाला,
भोक पाडायचं काय घिऊ?

पेट्रीत पोती उतरवली.
डेअरीच्या मागं निळ्या पत्र्याचं घर,
चुलीचा धूर निघालेला, पांढरा.
अंगणात कुणीतरी पाठमोरं
सायकलची चेन बसवत होतं.
मी स्टिअरिंग धरून बसलो होतो.
झाकण खिशात, कुलपासकट, मांडीला रुतत होतं.
इंजिन उगाच धडधडत होतं.

मिस्त्री घराकडं बघत नव्हता,
नखातलं ग्रीस काढत होता.
"बंद कर की," म्हणाला,
"परत चालू हुतीया ती."