येळवशीला हुलग्या

पहाटे चारला आई पातेलंभर भज्जी ढवळत होती
आणि मी हुलग्याच्या गळ्यात पट्टा चढवत होते.
पट्ट्यावर माझा नंबर, निळ्या पेनानं, वर चिकटपट्टी.
मागच्या येळवशीला तो तुरीत शिरला
तो सापडला दुसऱ्या दिवशी, औशाच्या रस्त्यावर,
पंक्चरवाल्याच्या बाकाखाली.

हुलग्या हुलग्याच्याच रंगाचा. वय अकरा.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.
डावीकडून कुणी हात घातला
तर आधी दात येतात, मग ओळख.
हे मी सगळ्यांना सांगितलं.
ट्रॉलीत चढताना सांगितलं,
कोपीसाठी कडब्याच्या पेंढ्या उतरवताना सांगितलं,
सात पोरांना बांधावर ओळीनं उभं करून सांगितलं:
उजवीकडनं यायचं.
झोपला असेल तर हाक मारायची, हात नाही.
भज्जी द्यायची नाही, तिच्यात कांद्याची पात आहे, लसूण आहे,
त्याला ते विष.
पोरांनी ऐकलं.

मन्मथआप्पा म्हणाले,
"आमच्या टायमाला कुत्री आंबील पिऊन लांडग्यावर जायची.
आन् तू नंबर घालालीस व्हय? त्याला फोन येतोय का?"
सगळी ट्रॉली हसली.
मीही हसले, कारण अठ्ठेचाळीस माणसांत
एकटीनं न हसणं फार दिसतं.

त्याची जागा मी आदल्या दिवशीच हेरली होती:
चिंचेखाली, झोक्यापासून लांब, चुलीच्या धुरापासून लांब,
घरचं गोणपाट, मुद्दाम न धुतलेलं,
नाक घातलं की आपलं घर लागावं असं.
दोरी लांब. पाण्याला जर्मनची वाटी.

कोपीत पांडव बसले, नैवेद्य झाला, घाटातली आंबील शिंपडून झाली.
पंगतीत मावशी माझ्या उंड्यावर भज्जी वाढत म्हणाली,
"आता तरी बघावं का गं एखादं? औंदा चाळीस लागलं."
मी म्हणाले, हुलग्याला पाणी ठेवून येते.
खीर आली तेव्हा वहिनीनं तेच विचारलं, जरा पुण्याच्या भाषेत.
मी पुन्हा पाणी ठेवून आले.
चौथ्या वेळी हुलग्यानं वाटीकडं बघितलं, मग माझ्याकडं,
आणि उसासा टाकून
उगीच दोन घोट प्यायला.

दिवस मावळताना हेंडगे पेटले.
शेताशेतातून आरोळ्या, हरभऱ्यावर नाचणारा उजेड,
आणि कुणाच्या तरी पोरानं दिवाळीची उरलेली लड काढली.
पहिल्या आवाजालाच हुलग्याचं अंग
पिठाच्या गिरणीसारखं थरथरायला लागलं.
मी त्याला उचलून दाजींच्या गाडीत घातलं,
काचा वर, बोटभर फट,
रेडिओ मोठा: उदगीर, सोयाबीन, आवक साधारण.
बाजारभाव ऐकत आम्ही दोघं बसलो.
मांडीवर त्याचं डोकं, जड, गरम,
मळलेल्या कणकेएवढं.
बाहेर कुणी तरी माझं नाव घेत होतं. घेऊ द्या.

मग अंधारातून मन्मथआप्पा आले.
डाव्या दाराच्या कडीला हात लावला.
थांबले.
बॉनेटला वळसा घालून
उजवीकडनं आले.
हातात द्रोण, द्रोणात सजगुऱ्याचा उंडा
कुस्करून दुधात.
"भज्जी लावली न्हाई," म्हणाले, "पात हुती तिच्यात."

पुढच्या सीटवर बसले, टोपी गुडघ्यावर.
तुरीचा भाव ऐकून घेतला.
मग आरशाकडं बघत म्हणाले,
"आमची एक हुती. पिवळी.
असंच, हेंडगा बघून पळाली.
तवा कोण नंबर घालतंय..."
आणि काच थोडी आणखी वर केली,
आवाज येऊ नये म्हणून, त्याला.

सीट कव्हरवर दुधाचा डाग अजून आहे.
दाजी दरवेळी विचारतात.
मी आप्पांचं नाव सांगते,
आप्पा हुलग्याचं.