चीक

आमच्या बँडचं नाव चीक.
केळीचा घड उतरवताना अंगावर सांडतो तो.
आधी पाण्यासारखा, मग काळा,
मग सदरा फाटेपर्यंत सोबत.
नाव नबाबनं सुचवलं, ड्रमवाला, अडावदचा तडवी.
लोकेश म्हणाला, इंग्रजीत लिहिलं की गाल होतो.
त्यावर तीन आठवडे गेले.

मी काही वाजवत नाही.
माझ्याकडे वही, फोन आणि खळीची बादली.
चोपडा स्टँडच्या मागच्या भिंतीवर
रात्री दीड वाजता चाळीस पोस्टरं लावली.
मैदा घरचा, आईनं शंकरपाळ्यांना ठेवलेला.
सकाळी पाहते तर सव्वीस शिल्लक,
आणि एक बकरी शांतपणे
लोकेशचा डावा हात गिटारसकट खात होती.
वहीत लिहिलं: प्रतिसाद बरा.

पोस्टरवर नंबर माझा.
पहिला फोन धरणगावहून.
बँड का?
हो, बँड.
वरातीला किती घेता?
वरातीत नाही वाजवत आम्ही, आमची स्वतःची गाणी आहेत.
पलीकडे कुकरच्या दोन शिट्ट्या.
मग विचारलं,
घोडा तुमच्याकडूनच ना?

अकरा फोन आले. अकराही घोड्याचे.

नेटवर गाणं चढवलं.
महिन्याभरात दोनशे तीस वेळा ऐकलं गेलं,
त्यात साठ वेळा मी,
आणि नबाबच्या आत्यानं लावून ठेवलेलं रात्रभर,
तिला बंद करता येत नाही म्हणून.
पुण्याच्या कुणा जाणकारानं कळवलं,
आवाजात माती आहे, अजून थोडी घाला.
लोकेश दोन दिवस जेवला नाही.
नबाब जेवला.

मग मे उजाडला.
ॲम्प जळालेला, स्टुडिओवाल्याचे सात हजार थकलेले.
बारावा फोन लासूरचा.
मी हो म्हटलं, कुणालाच न विचारता,
आणि घोडा शोधत
सुपडू मास्तरच्या दारात गेले.

क्लॅरिनेट खुंटीला. लाल कोट ट्रंकेत.
डीजे आल्यापासून मास्तर सायकलींचे पंक्चर काढतो.
फोनवर आमचं गाणं ऐकवलं त्याला.
हातातली ट्यूब पाण्यात दाबून धरली त्यानं,
बुडबुडे येत राहिले, गाणं संपलं.
म्हणाला, गानं बेस शे, बेटा.
पन वरातमा कोनी आयकत नई,
वरातमा लोके नाचतस.
पैसा भेटनात का, परत जाताना
येक गानं फुकट वाजाडा.
गावना शेवटला घरपावत.
लोके तेच ध्यानमा ठेवतस.

मग घोडेवाल्याचा पत्ता दिला,
आणि पंक्चरचे पैसे घेतले,
माझी सायकल तिथे आल्यावर बसली होती म्हणून.

लासूरला आम्ही सगळं वाजवलं.
जे सांगितलं ते. जे तीनदा सांगितलं ते तीनदा.
नवरदेवाच्या मामानं नबाबच्या तोंडात नोट कोंबली,
लोकेश माझ्याशी बोलत नव्हता.
ठरलेल्यातले पाचशे कापून पैसे मिळाले.
रात्रीचा एक. टेम्पोत सामान चढलं,
बॅटरीवरचा छोटा स्पीकर तेवढा बाहेर.
मी काहीच म्हटलं नाही.
नबाबनंच टेम्पोच्या फळीवर दोन बोटं वाजवली,
मग चार.
लोकेशनं गिटार पुन्हा खोळीतून काढली.

टेम्पो चालत्या माणसाच्या वेगानं.
कुत्री मागून, मग पुढून.
एका ओट्यावरचा म्हातारा ओरडला, बंद करा रे.
शाळा गेली, दूध डेअरी गेली.
शेवटच्या घरापाशी
लग्नाची पातेली घासत बसलेली एक बाई
राखेच्या हातांनी उठून उभी राहिली.

परतल्यावर वही उघडली.
जमा, खर्च, घोडा, डिझेल.
प्रसिद्धीच्या रकान्यात लिहिलं:
एक बाई. नाव विचारायचं राहिलं.
गाणं वळणाआड जाईपर्यंत उभी होती,
मे महिन्यात,
नळ तसाच चालू ठेवून.