शे

माझं माहेर राहुरीकडचं. आम्ही आपले ‘आहे’ म्हणणारे.
पारोळ्याला सून होऊन आले तेव्हा कानावर पडलं,
पानी तपेल शे. भाकर टोपलीमा शे. पाव्हना येल शे.
तोंडाला पदर लावून हसायचे मी.
एवढ्याशा अक्षरावर
अख्खं घर कसं टेकवून ठेवतात ही माणसं!

आता मंगळवारी नि शुक्रवारी
पहाटेच्या एसटीनं आम्ही धुळ्याला.
नथानेल खिडकीशी बसून
समोरून येणारे पाण्याचे टँकर मोजतो.
चार तास मशीन. मग वजनकाटा. मग परत.
घरी त्याचं दिवसाचं पाणी मापून ठेवते मी,
गोळ्यांबरोबरचं धरून पाऊण लिटर,
चहा त्यातच, वरणही त्यातच.
बाहेर चव्वेचाळीस अंश. पत्रा तडतडतो.
शेजारच्या अंगणात कुणी बादली उपसली
की त्याचा गळा हलतो.
मी पाहून न पाहिल्यासारखं करते.

प्रार्थना सोडली नाही मी. पण खरं सांगते,
बरेच दिवस ती हिशेबाची होती.
माझी किडनी जुळली नाही, ती का?
त्याची शाळेतली नोकरी गेली, ती का?
मंडळीतले लोक यायचे, मोसंब्या आणायचे
(मोसंबी त्याला चालत नाही),
म्हणायचे, देव परीक्षा घेतो, ताई.
मी मोसंब्या सोलून गल्लीतल्या पोरांना वाटायची
आणि मनात म्हणायची,
पेपर तरी दाखव एकदा.

सासूबाई यातलं काहीच म्हणायच्या नाहीत.
सारूबाई त्यांचं नाव. अक्षरओळख नाही,
पण शास्त्र उशाशी.
एकदा भांडलेच मी त्यांच्याशी.
“कुठे आहे हो तुमचा देव?”
कळण्याचं पीठ मळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या,
“शे.”
कुठे, ते नाही. कसा, ते नाही.
पुढे पिठाचाच आवाज.

उत्तम शुक्रवार आला. धुळ्याची पाळी आदल्या दिवशी उरकलेली.
तीन तासांची उपासना, वीज गेलेली,
पाळक तहानेच्या उद्गारापर्यंत पोचले
तेव्हा अख्खी मंडळी मुकाट.
नथानेल माझ्याकडे वाकला.
ओठांचे पापुद्रे निघालेले, डोळ्यांत मात्र खोडी.
“त्यालाही मापूनच मिळालं गं,” म्हणाला,
“आणि तेही आंबलेलं.”
मी हसले. भर उपासनेत. मग रडू आलं.
मग जे आलं त्याला नाव नाही माझ्याकडे.
हिशेबाची वही त्या बाकावरच राहिली.
पुन्हा आणायला गेले नाही असं नाही.
अधूनमधून जाते.

परसात मोरीच्या पाण्यावर वांग्याची चार झाडं तगलीत.
एका वांग्याच्या देठाला सासूबाईंनी लाल दोरा बांधलाय.
पिवळं पडलंय ते, भरताच्या कामाचं राहिलं नाही.
“हाई तोडू नको. बी करता शे.”
डॉक्टर पुढच्या महिन्यापलीकडचं बोलत नाहीत.
ह्या पुढच्या वर्षाचे वाफे आखून बसल्यात.

रात्री नथानेलला डोळा लागला
की मी त्याच्या डाव्या हाताला कान लावते,
जिथे शीर नि धमनी जोडलीय तिथे.
आत घरघर चालू असते, लांबच्या जिनिंगसारखी.
ती थांबता कामा नये, सिस्टरनं बजावलंय.
अंधारात पलीकडची खाट करकरते.
“शे का?”
मी आणखी थोडं ऐकते.
मग राहुरीची माझी जीभ
न हसता म्हणते,
“शे.”