गळतं कुठे

काल संध्याकाळी ऑपरेशनचे कागद घेऊन गेले
तर काशिनाथ वडके, तांबट आळी, वय एकसष्ट,
मलाच शिकवत बसले, गळका हंडा कसा धरायचा.
"काठोकाठ भरायचा. बाहेरून कोरडा पुसायचा.
आणि थांबायचं, सिस्टर. ठोकाठोक नाही.
घाई केली की सगळीकडेच ओलं दिसतं."

आज पावणेदोन.
तीन ग्राफ्ट लागलेत, पंप बंद,
हृदय आपलं आपण चालतंय.
प्रोटामिन जातंय सावकाश,
भसकन दिलं तर बीपी कोसळतं.
तरी छातीच्या तळाशी लाल चढतंच आहे.
फवारा असता तर बरं, तो पत्ता सांगतो.
हे नुसतं पाझरणं.

(रक्त पातळ करायची गोळी परवापर्यंत चालू होती.
घरच्यांनी सांगितलं होतं, ती पित्ताची.)

देवरगावकर सर हाडाच्या कडेला मेण चोळतात.
मास्कमधून कॉटरीचा जळका वास.
क्लिप. अजून एक. सक्शन.
यास्मिन फळ्यावर मांडते : मॉप नऊ, गॉज चाळीस.
रक्तपेढीचा मुलगा द्वारकेच्या सिग्नलला,
प्लेटलेटचा डबा मांडीवर घेऊन.

मग सर म्हणतात, कोमट सलाईन. कोरडे मॉप. भरा.
आता पाच मिनिटं कुणी काही करायचं नाही.

दाबून धरलेला हात माझा.
मॉनिटर तेवढा बोलतोय.
भिंतीवरचं घड्याळ मी कधी एवढं बघितलं नव्हतं,
त्याच्या काचेवर रंगाचा एक शिंतोडा आहे.

पहिला मॉप गुलाबी निघाला.
दुसरा जवळजवळ पांढरा.
तिसऱ्याच्या कोपऱ्यावर
कुंकवाच्या बोटाएवढा एक ठिपका.
तिथेच. हृदयामागे वळणाऱ्या शिरेची
केसाएवढी फांदी, बांधायची राहिलेली.
सात-शून्यचा एक टाका.
"बघू आता," सर म्हणाले.
डबा पोचला तेव्हा छातीच्या तारा आवळत होतो.

रात्री ड्रेनच्या बाटलीवर पेनाच्या रेघा :
एकशे दहा, मग साठ, मग तीस.
यास्मिन म्हणाली, दुतोंड्या मारुतीसारखंच की गं,
गुडघ्याला आहे तोवर नाशिक झोपतं.
ती झोपली. मी रेघा बघत राहिले.

चौथ्या दिवशी वडके उठून बसलेले.
गोळ्यांच्या ट्रेवर नख मारून ऐकलं.
"पत्रा हलका आहे," म्हणाले.
मग चहात फुंकर घालत, माझ्याकडे न बघता,
"सापडलं का?"